डहाणू परिसरातील दुपारचे चहापान

डहाणू परिसरातील दुपारचे चहापान ही महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत, विशेषतः इराणी आणि पारशी बागायतदार कुटुंबांत रूढ असलेली प्रथा आहे. दुपारची विश्रांती संपल्यावर, साधारणपणे चार ते साडेपाचच्या दरम्यान, वाडीतील घराच्या व्हरांड्यात गवती चहा व पुदिना घातलेला दुधाचा चहा आणि त्यासोबत बिस्किटे, केक किंवा घरगुती गोड पदार्थ घेतले जातात. इंग्लंडमधील दुपारच्या चहाचा शिष्टाचार, इराणमधून आलेली चहाची आवड, गुजराती-पारशी स्वयंपाक आणि उत्तर कोकणातील वाडीचे उत्पन्न या चारही गोष्टी या प्रथेत एकत्र आलेल्या दिसतात. मुंबईतील मोठ्या हॉटेलांत याच वेळी दिल्या जाणाऱ्या खर्चिक चहाफराळाशी तिचे नाते आहे. मात्र डहाणूच्या टेबलावरील बराचसा जिन्नस परिसरातच पिकतो आणि तो पिकविणारे हात मुख्यतः वारली व इतर आदिवासी मजुरांचे असतात. त्यामुळे ही प्रथा खाद्यसंस्कृतीबरोबरच या भागातील जमीन, श्रम आणि फुरसत यांच्या इतिहासाशीही जोडलेली आहे.

नाव व संज्ञा

'चहा' हा शब्द चिनी भाषेतील 'चा' या शब्दावरून आला आहे. फारसीत त्याचे रूप 'चाय' असे झाले आणि हिंदीत तेच रूढ आहे. पारशी गुजरातीत चहाला 'चोय' असेही म्हणतात. गवती चहाला गुजरातीत 'लीली चा' असे नाव आहे. येथे 'लीली' म्हणजे हिरवी. मराठीत गवती चहा, पातीचा चहा आणि ओली चहा अशी नावे प्रदेशानुसार आढळतात. ही वनस्पती चहाच्या झुडपाच्या कुळातील नसून गवताच्या कुळातील आहे.

मराठीत 'चहापान' या शब्दाला औपचारिक अर्थही आहे. सभासमारंभानंतरचा अल्पोपाहार या अर्थाने तो निमंत्रणपत्रिकांत छापला जातो. राज्य विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला मुख्यमंत्री सर्वपक्षीय नेत्यांना चहापानाला बोलावतात आणि त्यावर विरोधी पक्षाने बहिष्कार घालणे हीदेखील राज्याच्या राजकारणातील परिचित घटना आहे. एकत्र चहा घेणे म्हणजे परस्परांना बरोबरीचे मानणे, हा संकेत अशा वापरातून दिसतो.

हॉटेलांच्या जाहिरातींत दुपारच्या चहाफराळाला बहुधा 'हाय टी' म्हणतात. ब्रिटनमध्ये या संज्ञेचा मूळ अर्थ वेगळा होता. तेथे दिवसभराच्या कामानंतर कामगार कुटुंबे जेवणाच्या उंच टेबलावर चहाबरोबर मांस, पाव, बटाटे असे पोटभर अन्न घेत, त्याला 'हाय टी' म्हणत. उच्चवर्गीयांच्या बैठकीच्या खोलीत ठेंगण्या टेबलावर दिला जाणारा हलका फराळ 'आफ्टरनून टी' या नावाने ओळखला जाई. भारतात श्रमिकांच्या जेवणाचे नाव श्रीमंतांच्या फराळाला चिकटले.

भौगोलिक पार्श्वभूमी

डहाणू तालुका पश्चिमेला अरबी समुद्राला लागून आहे. त्याच्या उत्तरेकडील तलासरी तालुक्याच्या सीमा गुजरात राज्याला व दादरा-नगर हवेलीला भिडतात. किनारपट्टीवर डहाणू, नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डी या गावांच्या परिसरात चिकू, नारळ, आंबा व लिची यांच्या बागा आहेत. या बागांना स्थानिक बोलीत वाडी म्हणतात. पूर्वेकडे डोंगराळ व जंगलाचा भाग असून तेथे वारली, धोडी, दुबळा, कोकणा, कातकरी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली, तेव्हा तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि डहाणू व तलासरी हे तालुके त्यात समाविष्ट झाले. प्रशासकीय सीमा बदलल्या, तरी संजाण, उंबरगाव, उदवाडा आणि डहाणू या पट्ट्यातील नातेसंबंध व खाद्यपदार्थ बऱ्याच अंशी समान राहिले.

येथील हवा उष्ण व दमट असते. दुपारी उन्हाचा कडाका असताना बाहेरची कामे थांबतात. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे तिसऱ्या प्रहरानंतर व्हरांड्यात बसणे सुसह्य होते. चहाची वेळ चार वाजल्यानंतरची ठरण्यामागे या हवामानाचाही वाटा आहे.

इतिहास

ब्रिटनमधील प्रथा

ब्रिटनमध्ये दुपारच्या चहाचा आरंभ परंपरेने बेडफर्डची डचेस अ‍ॅना मारिया रसेल (१७८३–१८५७) हिच्याशी जोडला जातो. १८४० च्या सुमारास उच्चवर्गीय घरांत रात्रीचे जेवण उशिरा होऊ लागले होते. दुपारच्या हलक्या जेवणानंतर रात्रीपर्यंत लागणारी भूक भागविण्यासाठी तिने चहा, पाव व लोणी यांचा फराळ सुरू केला, अशी कथा सांगितली जाते. पुढे काकडीचे पातळ सँडविच, स्कोन, मुरंबा, साय आणि केक अशी त्याची ठरीव मांडणी झाली. तीन थरांच्या तबकात खाली सँडविच, मध्ये स्कोन आणि वर गोड पदार्थ ठेवण्याची पद्धत आज जगभरातील हॉटेलांत दिसते.

याच काळात भारतातील चहाचा व्यापार वाढत होता. आसाममधील चहाचा पहिला लिलाव जानेवारी १८३९ मध्ये लंडनमध्ये झाला. सुरुवातीला हा चहा मुख्यतः निर्यातीसाठी होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहा उद्योगाने देशातच ग्राहक तयार करण्यासाठी फुकट चहावाटप, फलक व प्रात्यक्षिके यांच्या मोहिमा राबविल्या. १९३० च्या सुमारास आसाममध्ये चहाची पाने चिरडून, फाडून व वळवून दाणेदार चहा तयार करण्याची 'सीटीसी' प्रक्रिया विकसित झाली. थोड्या भुकटीत गडद रंग देणारा हा चहा दूध-साखरेबरोबर उकळण्यास सोयीचा व स्वस्त होता. त्यामुळे चहा सर्व थरांत पोहोचला.

पारशी समाज

पारशी परंपरेनुसार इराणमधून आलेले झरथुष्ट्री प्रथम संजाण येथे स्थिरावले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात ही कथा आली आहे. संजाणवर आक्रमण झाल्यानंतर 'इराणशाह' हा पवित्र अग्नी बारा वर्षे बहरोटच्या डोंगरावरील गुंफांत सुरक्षित ठेवण्यात आला होता, असे ही परंपरा सांगते. बहरोटचा डोंगर डहाणू–तलासरी भागात आहे. अनेक स्थलांतरांनंतर १७४२ पासून हा अग्नी गुजरातमधील उदवाडा येथे आहे. या पवित्र स्थळांमुळे हा पट्टा पारशी समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी चीनशी व्यापार केला. जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव होय. या व्यापारातून चिनी मातीची भांडी, रेशीम आणि चहा पारशी घरांत आले. इंग्रजी शिष्टाचाराशी या समाजाचा परिचयही लवकर झाला. परिणामी चहाचे टेबल, किटली आणि कपबशा यांना पारशी घरांत महाराष्ट्रातील इतर अनेक समाजांच्या आधी स्थान मिळाले.

इराणी बागायतदार

एकोणिसाव्या शतकात इराणमधील यझ्द व केरमान या भागांतून झरथुष्ट्री कुटुंबे मुंबईकडे येऊ लागली. धार्मिक छळ, जिझिया कर आणि १८७० नंतरचा मोठा दुष्काळ ही त्यामागील कारणे होती. पूर्वी आलेल्या पारशांपासून वेगळे ओळखले जावे म्हणून या नव्या स्थलांतरितांना 'इराणी' असे संबोधले गेले. त्यांतील अनेकांनी मुंबई, पुणे व इतर शहरांत उपाहारगृहे व बेकऱ्या काढल्या. मुंबईतील कयानी अँड कंपनी (१९०४), बी. मेरवान (१९१४) आणि ब्रिटानिया (१९२३) ही त्यांची परिचित उदाहरणे आहेत.

काही इराणी कुटुंबे डहाणू, घोलवड व बोर्डी येथे शेतीकडे वळली. फलोद्यानशास्त्राच्या ग्रंथांत महाराष्ट्रातील चिकूच्या लागवडीचा आरंभ १८९८ मध्ये घोलवड येथे झाल्याची नोंद आढळते. मूळचे मध्य अमेरिकेतील हे फळ इराणी व पारशी वाड्यांबरोबरच इतर समाजांतील बागायतदारांच्याही उत्पन्नाचे मुख्य साधन बनले. येथे 'कालीपत्ती' हा वाण प्रामुख्याने घेतला जातो.

इराणमध्ये चहा बिनदुधाचा घेतात. समोवारमध्ये पाणी उकळत ठेवून गडद अर्क काचेच्या लहान पेल्यात ओततात आणि साखरेचा खडा दातांत धरून तो पितात. इराणमधील चहाच्या लागवडीचाही भारताशी संबंध आहे. काशेफ अल-सल्तने या इराणी मुत्सद्द्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात राहून चहाची शेती अभ्यासली आणि येथून रोपे नेऊन लाहिजान येथे लागवड सुरू केली. भारतात स्थायिक झालेल्या इराण्यांनी मात्र दुधाचा चहा स्वीकारला आणि डहाणूच्या वाड्यांत त्यात पारशी पद्धतीने गवती चहा व पुदिना यांची भर पडली.

साहित्य व कृती

या चहाचे वैशिष्ट्य ताज्या पानांत आहे. गवती चहाची ठोंबे बहुधा विहिरीजवळ, पाटाच्या कडेला किंवा स्वयंपाकघराच्या मागील दाराशी लावलेली असतात. सांडपाण्यावरही ती वाढतात. पुदिनाही अशाच ओलसर जागी लावतात. चहा करण्याच्या थोडा वेळ आधी पाती कापून आणली जाते.

दोन कपांसाठी साधारणपणे दीड कप पाणी, अर्धा कप दूध, दोन चमचे चहाची भुकटी, गवती चहाच्या तीन-चार पाती आणि पुदिन्याची आठ-दहा पाने घेतात. पाती धुऊन त्यांची गाठ मारतात किंवा कात्रीने तुकडे करतात. पाण्यात पाती व साखर घालून ते चार-पाच मिनिटे उकळतात. नंतर भुकटी व पुदिना घालून आच बंद करतात आणि भांडे झाकून ठेवतात. दूध वेगळे तापवून नंतर मिसळतात. काही घरांत आले किंवा वेलदोडाही घातला जातो. पारंपरिक पद्धतीत चहा गाळून किटलीत भरतात व ती ऊबदार राहावी म्हणून तिच्यावर कापडी आच्छादन घालतात.

झाकण ठेवण्याला शास्त्रीय कारण आहे. गवती चहाचा लिंबासारखा गंध मुख्यतः 'सिट्राल' या घटकामुळे येतो. हा घटक बाष्पनशील असल्याने उघड्या भांड्यात फार वेळ उकळल्यास गंध उडून जातो. पुदिन्याचा गंधही याच कारणाने कमी होतो, म्हणून तो शेवटी घालतात. चहाच्या भुकटीतील तुरट द्रव्ये दुधातील प्रथिनांशी संयोग पावतात, त्यामुळे दूध घातल्यावर तुरटपणा सौम्य होतो.

सोबतचे पदार्थ

चहाबरोबरच्या पदार्थांचे तीन गट पडतात. पहिला गट बेकरीचा आहे. त्यात ब्रुन पाव व लोणी, खारी, नानखटाई, मावा केक आणि 'बटासा' हे कडक, खुसखुशीत बिस्कीट येते. बटासा मूळचा सुरतेकडील असून तो चहात बुडवून खातात.

दुसरा गट पारशी घरगुती पदार्थांचा आहे. 'दार नी पोरी' हा तुरीच्या डाळीचे गोड पुरण व सुकामेवा भरलेला जाड भाजलेला पदार्थ आहे. महाराष्ट्रीय पुरणपोळीशी त्याचे साम्य असले, तरी त्याचे आवरण बिस्किटासारखे असते. 'कुमस' हा रवाळ केक आणि 'भाखरा' हा तळलेला, किंचित गोड पदार्थही चहाबरोबर दिला जातो. भाखऱ्याचे व कुमसाचे पीठ फुगविण्यासाठी पूर्वी ताडी वापरत. ताडीतील नैसर्गिक यीस्टमुळे पीठ आंबते आणि पदार्थाला वेगळी चव येते. डहाणू व तलासरी भागात ताड व शिंदीची झाडे विपुल असल्याने हा जिन्नस सहज मिळत असे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार ताडी काढण्यावर व विकण्यावर निर्बंध आले. आज अनेक घरांत ताडीऐवजी यीस्ट किंवा बेकिंग पावडर वापरली जाते.

तिसरा गट वाडीच्या उत्पन्नाचा आहे. पिकलेल्या चिकूच्या फोडी, सुकविलेला चिकू, चिकूचा हलवा, ओले खोबरे, केळी आणि हंगामात आंबा किंवा लिची यांचा त्यात समावेश होतो. तिखट पदार्थांत हिरव्या चटणीचे सँडविच आणि अळूच्या पानांचा गुजराती पद्धतीचा पात्रा आढळतो.

चहाचे टेबल व शिष्टाचार

जुन्या वाड्यांतील घरे उतरत्या कौलारू छपरांची असून त्यांना रुंद व्हरांडा असतो. चहा बहुधा तेथेच मांडतात. आधी घरातील वडीलधाऱ्यांना व पाहुण्यांना कप दिला जातो. किटलीतून चहा ओतण्याचे काम घरातील ज्येष्ठ स्त्री करते. संभाषण गुजरातीत, मराठीत किंवा जुन्या पिढीत झरथुष्ट्री दरी बोलीत चालते.

बशीत ओतून चहा पिण्याची सवय पारशी, गुजराती व मराठी घरांत सारखीच परिचित आहे. रुंद बशीत चहा लवकर निवतो, हा त्यामागील साधा हेतू होय. इंग्रजी शिष्टाचारात हे गैर मानतात, त्यामुळे मोठ्या हॉटेलांत सहसा कोणी तसे करत नाही. डहाणूच्या व्हरांड्यात मात्र चिनी मातीच्या नाजूक कपबशीतून आलेला चहाही बशीत ओतला जातो. बिस्कीट चहात बुडविण्यासही येथे आडकाठी नसते.

मुंबईतील उच्चभ्रू चहापान

या प्रथेचे शहरी व खर्चिक रूप मुंबईत दिसते. जमशेटजी टाटा यांनी उभारलेले ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. त्याच्या जुन्या इमारतीतील 'सी लाउंज' हे चहागृह गेटवे ऑफ इंडिया व बंदराच्या दिशेने उघडते. दुपारच्या चहासाठी ते शहरात प्रसिद्ध आहे. येथे सँडविच, स्कोन व केक यांबरोबर भेळ, शेवपुरी यांसारखे मुंबईचे पदार्थही मांडले जातात. विवाह ठरविण्यासाठी दोन कुटुंबांनी प्रथम भेटण्याचे ठिकाण म्हणूनही ते ओळखले जाते. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात हॉटेलच्या जुन्या इमारतीचे मोठे नुकसान झाले. दुरुस्तीनंतर ती १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली.

अशा ठिकाणी चहाच्या मूल्यात खिडकीतून दिसणारा समुद्र, शांतता, चांदीची भांडी, अदबशीर सेवा आणि घाई नसणे यांची किंमत धरलेली असते. इराणी उपाहारगृहांनी चहापानाचे दुसरे शहरी रूप घडविले. संगमरवरी टेबल व वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या असलेल्या या जागांत कारकून, गिरणी कामगार, विद्यार्थी व व्यापारी एकाच दराने चहा पीत. डहाणूच्या व्हरांड्यातील चहात हॉटेलची निवांतता व इराणी उपाहारगृहातील साधेपणा दोन्ही आढळतात, परंतु त्याला बसण्यासाठी घरच्यांचे निमंत्रण लागते.

सामाजिक बाजू

चहा कोणी कोणाबरोबर घ्यावा, हा महाराष्ट्रात दीर्घकाळ वादाचा विषय होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी उपस्थित होती. तेथे चहा-बिस्किटे घेतल्याच्या आरोपावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्ताचा प्रश्न निर्माण झाला. एका कपाने जातीची सीमा ओलांडली जाते, ही त्या काळची धारणा यावरून स्पष्ट होते.

डहाणू–तलासरीत ही सीमा जमिनीच्या मालकीनेही आखलेली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील बहुतेक जमीन पारशी, इराणी, गुजराती, मारवाडी व इतर समाजांतील जमीनदार आणि सावकारांच्या हाती होती. वारली कुळांना त्यांच्या शेतांवर व घरी वेठीने, म्हणजे मजुरीविना राबावे लागे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी पती-पत्नीने सावकाराकडे राबण्याच्या पद्धतीला 'लग्नगडी' म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरी भागातील झरी येथे वारल्यांची मोठी परिषद झाली आणि वेठ नाकारण्याचा निर्धार करण्यात आला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने हे आंदोलन चालविले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे या लढ्यावरील पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले व १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या लढ्यात मजुरीच्या दराइतकाच स्वतःच्या वेळेवरील हक्काचाही प्रश्न होता. वेठीत राबणाऱ्या माणसाची दुपार त्याच्या मालकीची नसते. चहासाठी थांबणे, बसणे व बोलणे यांसाठी लागणारा मोकळा वेळ एका बाजूला सहज उपलब्ध होता आणि दुसऱ्या बाजूला तो लढून मिळवावा लागला. वेठबिगारी संपल्यानंतर वाडीतील काम मजुरीवर होऊ लागले आणि कामाच्या मध्ये चहासाठी सुट्टी देण्याचा रिवाज रूढ झाला.

वारली घरांतील चहा सामान्यतः कोरा, म्हणजे बिनदुधाचा असतो. पाण्यात भुकटी, साखर किंवा गूळ आणि उपलब्ध असल्यास गवती चहाची पात घालून तो उकळतात. दूध विकत घेणे परवडत नसल्याने हा प्रकार रूढ झाला, असे सामान्यपणे मानले जाते. कोऱ्या चहाबरोबर तांदळाची किंवा नाचणीची भाकरी खाल्ली जाते. आलेल्या माणसाला चहा देणे हा येथेही आतिथ्याचा पहिला भाग आहे. अशा रीतीने वाडीच्या व्हरांड्यात आणि पाड्यावरील झोपडीत एकाच गवताचा सुगंध असलेले दोन चहा एकाच वेळी तयार होतात.

गंजाड येथील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्यामुळे वारली चित्रकला जगभर पोहोचली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री देण्यात आली. आज कपबशा, किटल्या व तबके यांवर वारली आकृत्या रंगविलेल्या आढळतात आणि शहरी घरांत व हॉटेलांत त्या मांडल्या जातात.

पर्यावरण व वाड्यांचे भवितव्य

हे चहापान वाडीवर अवलंबून असल्याने वाडीसमोरील प्रश्न त्याच्याशी निगडित आहेत. केंद्र शासनाने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला आणि उद्योगांवर निर्बंध घातले. तरीही येथे कोळशावर चालणारा ५०० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक वीजप्रकल्प उभारला गेला. राखेचा व धुराचा चिकूच्या फळधारणेवर परिणाम होईल, अशी भीती बागायतदारांनी व्यक्त केली. पर्यावरण रक्षणाच्या या लढ्यात स्थानिक रहिवासी नर्गिस इराणी यांचा महत्त्वाचा सहभाग होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निर्णयानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमण्यात आले.

डहाणू तालुक्यातील वाढवण येथे बंदर उभारण्यास या प्राधिकरणाने १९९८ मध्ये परवानगी नाकारली होती. २०२३ मध्ये त्याने नव्या प्रस्तावाला अटींसह मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराची पायाभरणी झाली. रोजगार व व्यापार वाढेल, असे समर्थकांचे म्हणणे आहे. मासेमारी, शेती व बागायती यांना धोका पोहोचेल, असे स्थानिक मच्छीमार व शेतकरी संघटना सांगतात.

सद्यस्थिती

डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले असून २०२१ मध्ये हा मानांकित चिकू युनायटेड किंग्डमला निर्यात करण्यात आला. दुपारच्या चहाची पद्धत ज्या देशातून आली, त्याच देशात डहाणूच्या वाडीतील फळ पोहोचले. बोर्डी येथे भरणाऱ्या चिकू महोत्सवात चिकूच्या पदार्थांबरोबर स्थानिक कला व खाद्यपदार्थ मांडले जातात.

१६ एप्रिल २०१३ पासून मुंबईची उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत सुरू झाली. त्यामुळे शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांची संख्या वाढली. काही वाडीमालकांनी घरांतील खोल्या पाहुण्यांसाठी खुल्या केल्या असून गवती चहा व पुदिन्याचा चहा हे तेथील आतिथ्याचे आकर्षण ठरले आहे. पूर्वी निमंत्रितांपुरते असलेले व्हरांड्यातील टेबल अशा रीतीने पैसे देणाऱ्या पाहुण्यांनाही उपलब्ध झाले. दुसरीकडे, पारशी व इराणी समाजाची लोकसंख्या घटत आहे, तरुण पिढी मुंबईत व परदेशांत स्थायिक होत आहे आणि दार नी पोरी, भाखरा यांसारखे वेळखाऊ पदार्थ घरी करणाऱ्यांची संख्या कमी होत चालली आहे.

पर्यटनामुळे स्वयंपाक, खोल्यांची देखभाल व वाडीची सफर घडविणे अशी कामे स्थानिक आदिवासी तरुण-तरुणींना मिळू लागली आहेत. तलासरी परिसरात मुंबई–अहमदाबाद महामार्गालगतच्या टपऱ्यांवर गवती चहा घातलेला चहा काचेच्या पेल्यातून विकला जातो. मालवाहू गाड्यांचे चालक, शेतमजूर आणि प्रवासी तो उभ्याने किंवा बाकावर बसून घेतात. व्हरांड्यातील किटली, पाड्यावरील कोरा चहा आणि महामार्गावरील पेला ही या परिसरातील दुपारच्या चहाची आजची तीन प्रचलित रूपे आहेत.

हेही पहा

डहाणू तालुका
तलासरी तालुका
गवती चहा
चिकू
इराणी उपाहारगृहे
वारली आदिवासींचा उठाव